घरगुती पावडर कोटिंगची गन: विद्युतभार चांगला, अर्थिंग कच्चे

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतल्या एका दुकानाने सुटे भाग जुळवून दिलेली पावडर कोटिंगची, म्हणजे कोरडी रंगपूड विद्युतभार देऊन धातूवर फवारण्याची आणि मग ती भट्टीत भाजण्याची, गन मी पावसाळ्याआधीपासून वापरत आहे. सायकलचे हँडल, लोखंडी स्टँड, कुंड्यांच्या कड्या अशा लहान कामांसाठी ती जरूर घ्यावी. मात्र सोबत येणारी अर्थिंगची वायर पहिल्याच दिवशी बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

संचाचा खरा जीव उच्च विद्युतदाबाच्या (व्होल्टेजच्या) लहानशा डब्यात आहे. 12 व्होल्टवर चालणारे सर्किट छोट्या ट्रान्सफॉर्मरला वेगाने चालू-बंद करते आणि त्यातून मिळणारा दाब डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) व कपॅसिटर (भार साठवणारा भाग) यांच्या साखळीतून टप्प्याटप्प्याने वाढत जातो. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी 1932 साली अणुकेंद्र फोडण्यासाठी वापरलेली हीच जोडणी आज कुंडीची कडी रंगवायला मिळते, याचे मला अजूनही कौतुक वाटते. नुसत्या इग्निशन कॉइलवर (गाडीच्या स्पार्क प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलवर) चालणाऱ्या घरगुती संचांपेक्षा हा संच उजवा आहे, कारण तिथे दाब ठोक्याठोक्याने मिळतो, तर इथे गनच्या सुईवर तो एकसारखा आणि ऋण राहतो.

सुईच्या टोकाशी विद्युतक्षेत्र इतके तीव्र होते की तिथल्या हवेचे आयनीभवन होते, म्हणजे हवेचे कण विद्युतभारित होऊन आयन बनतात. हे ऋण आयन हवेच्या झोताबरोबर जाणाऱ्या पावडरच्या कणांवर बसतात आणि भारित कण अर्थ केलेल्या धातूकडे ओढले जातात. पावडर विद्युतरोधक असल्यामुळे तिच्यावरचा भार लगेच ओसरत नाही, म्हणून वस्तू भट्टीत जाईपर्यंत थर जागेवर टिकतो. हँडलच्या नळीवर समोरून फवारा मारला, तरी मागच्या बाजूलाही पावडरची पातळ साय चढलेली दिसते. ही किमया साध्या स्प्रेच्या डब्याला साधत नाही.

हे सर्व अर्थिंग पक्के असेल तरच घडते. वस्तूवर येऊन पडणारा भार जमिनीत गेला नाही, तर वस्तू स्वतःच भारित होऊन पुढच्या पावडरीला दूर लोटते. संचातील चिमटा सैल असून त्याची वायर केसासारखी बारीक आहे. मी जाड वायर लावली आणि हुकावर साठलेली जुनी पावडर कानशीने खरवडून काढली, तेव्हा कुठे थर एकसारखा बसू लागला. वस्तू आणि अर्थ यांच्यातील रोध 1 मेगाओहमपेक्षा कमी असावा, हा कारखान्यांतील दंडक घरीही पाळावा.

आतल्या कोपऱ्यांत मात्र गन कमी पडते. विद्युतक्षेत्र कडांवर एकवटते आणि खाचेत पोहोचतच नाही, त्यामुळे अँगलच्या सांध्यात उघड्या लोखंडाची करडी रेघ उरते. तिथे विद्युतदाब वाढवणे उलटेच पडते; तो कमी करून हवेचा झोत सौम्य ठेवला, तर पावडर आत शिरते. या गनवर विद्युतदाब कमी-जास्त करण्याचा खटका नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. थर वाजवीपेक्षा जाड झाला की साठलेला भार थरातूनच फुटून बारीक खड्डे पडतात आणि भट्टीतून निघालेला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो.

पुण्याच्या जुलै-ऑगस्टमधील दमट हवेत कॉम्प्रेसरच्या हवेतले पाणी पावडरीत उतरून गुठळ्या होतात, म्हणून पाणी गाळणारा फिल्टर वेगळा घ्यावाच लागतो. दुकानदाराने ते विकताना सांगायला हवे होते. पावडरीचा धुरळा ठिणगीने पेट घेऊ शकतो, तेव्हा बंद खोलीत हे काम करू नये, मास्क लावावा आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरणारा भार सुई अर्थला टेकवून काढून टाकावा. साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला पावडर भाजण्यासाठी वापरलेला ओव्हन स्वयंपाकात पुन्हा घेऊ नये. अलॉय व्हील किंवा सायकलची पूर्ण फ्रेम या गनच्या आणि घरगुती ओव्हनच्या आवाक्यातली नाही. ती भोसरीकडच्या एखाद्या कोटिंगवाल्याकडेच द्यावी.