पोकळ रबरी च्यू टॉय, पिल्लाच्या चावण्यावर खरंच उपयोगी
आमचं पिल्लू 3 महिन्यांचं, हात पाय ओढणी जे दिसेल ते तोंडात आणि दात तर नुसत्या सुया, मुलगी रडायलाच लागायची म्हणून हे घेतलं. आत भिजवलेलं डॉग फूड भरून फ्रीजरमध्ये ठेवते, गार गार चावून हिरड्यांना बरं वाटतं आणि स्वारी बराच वेळ शांत. पण नुसत्या खेळण्यावर भागत नाही हां, चावलं की खेळ तिथेच थांबवायचा, हात झटकला तर त्याला वाटतं मजाच चाललीय, आणि मारू तर अजिबात नका. पीनट बटर भरणार असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना बघा, कुत्र्यांना ते विषारी असतं. साइज जरा मोठीच घ्या, छोटं घशात अडकू शकतं.