जीटीएक्स ९७० आणि १०६०: एकाच पीसीत आठ महिने आलटून पालटून

मित्राने पीसी बदलला आणि त्याचं एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स १०६० (६ जीबी मेमरीवालं), माझ्याकडे आलं. माझं त्याच कंपनीचं जुनं ९७० तेव्हा व्यवस्थित चालू होतं. त्यामुळे बदलायचा खटाटोप करावा का, हाच पहिला प्रश्न. शेवटी दोन्ही ठेवली आणि आठ महिने आलटून पालटून लावली.

कागदावर नवं कार्डच हलकं दिसतं. ९७० म्हणजे सप्टेंबर २०१४ चं, मॅक्सवेल पिढीतलं: आकडेमोड करणारे १६६४ कोर, मेमरीकडे जाणारी २५६ बिटची बस. १०६० जुलै २०१६ चं, पास्कल पिढीतलं: १२८० कोर, बस १९२ बिट. पण चिपची घडण २८ नॅनोमीटरवरून १६ वर आल्यामुळे पास्कलचा क्लॉक (चिपचा वेग) कुठल्या कुठे गेला. ९७० चा बूस्ट क्लॉक ११७८ मेगाहर्ट्झ, १०६० चा १७०८. कोरांची तूट तिथे भरून निघते. १०८०पीवर सेकंदाला सरासरी किती फ्रेम्स मिळतात ते पाहिलं तर १०६० जेमतेम पुढे. आकडा झाकून खेळायला बसवलं असतं तर कोणतं कार्ड लावलंय हे मला ओळखता आलं नसतं.

ओळखता आलं ते जीटीए ५ या गेममध्ये. टेक्स्चरचं (पृष्ठभागांवरच्या चित्रांचं) सेटिंग सगळ्यात वर ठेवायचं, शहरातून गाडी भरधाव सोडायची. ९७० वर एखाद्या वळणाला चित्र क्षणभर अडखळायचं. कोपऱ्यातला फ्रेम्सचा आकडा मात्र साठच्या आसपासच, जणू काही झालंच नाही. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की हिसका गायब. कारण मेमरीचं: ९७० च्या ४ जीबीपैकी ३.५ जीबीच वेगवान, उरलेला अर्धा जीबी बराच मंद, हे जानेवारी २०१५ मध्ये बाहेर आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! १०६० वर तेच सेटिंग, तोच रस्ता, आणि गाडी सरळ निघून जाते. मला विचाराल तर या दोन कार्डांत पाहण्यासारखा फरक हाच. (३ जीबीचं १०६० स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. त्यात कोरही ११५२ च आहेत.)

दुसरा फरक व्हिडिओचा. ९७० ला एचईव्हीसी (४के व्हिडिओत वापरला जाणारा एक फॉरमॅट) पूर्णपणे हार्डवेअरवर डिकोड करता येत नाही. ४के फाइल लावली की सीपीयूला घाम फुटायचा. गंमत म्हणजे त्याच पिढीतलं, मागून आलेलं धाकटं ९६० हे काम करतं! १०६० वर १० बिटच्या (जास्त रंगछटांच्या) फाइलीही निवांत चालतात. त्याहून नवा एव्ही१ फॉरमॅट मात्र दोन्हींवर नाही.

आवाजाबद्दल ९७० वर अन्याय नको. टीडीपी (भाराखाली निघणारी उष्णता) १४५ वॉट विरुद्ध १२० वॉट, म्हणजे फरक फार नाही, तरी माझं कार्ड तापून पंखे घोंघावायचे. एका रविवारी उघडलं. चार स्क्रू काढले तरी हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) सुटेना. जरा पिळल्यावर सुटला. आत चिपची उष्णता हीटसिंकला देणाऱ्या थर्मल पेस्टचा नुसता खडू झाला होता, नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. नवी पेस्ट लावल्यावर पंखे शांत झाले. कार्डावरच्या कॉइलची किरकिर मात्र तशीच आहे. एखाद्या गेमच्या मेनूत फ्रेम्स सुसाट सुटल्या की कपाटामागे रातकिडा बसल्यासारखी ऐकू येते.

ड्रायव्हरच्या बाबतीत दोघं एकाच नावेत. दोन्हींसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा. नव्या गेमसाठीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत.

मुख्य पीसीत आता १०६० कायम. ९७० विकायला काढणार होतो, पण घरातल्या दुसऱ्या पीसीचा मॉनिटर फक्त व्हीजीए या जुन्या ॲनालॉग जोडणीचा निघाला. पास्कलने ॲनालॉग आउटपुट काढूनच टाकलं. ९७० वर डीव्हीआय-आय पोर्ट आहे, त्यातून ॲनालॉगही मिळतं; साधा अडॅप्टर खोचला आणि चित्र आलं. रातकिडा आता त्या खोलीत असतो.