मांजराची लस: सरकारी दवाखाना, खासगी डॉक्टर की उदगीर-परभणी?

मांजराला लस द्यायचं नाव काढलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "मांजराला कुठं लस असते का?" असते, आणि एक नाही, दोन. खर्चात फरक पडतो तो या दोन सुयांमुळेच.

पहिली रेबीजची. कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, सगळ्यांना तीच लस चालते. म्हणून ती तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातही मिळू शकते. दुसरीला सगळे ट्रायकॅट म्हणतात. पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी या तीन विषाणूंवरची ही लस फक्त मांजराची, आणि एका मांजराला एक अख्खी कुपी लागते. त्यामुळे ती महाग, आणि जिथं मांजरं नेमानं येतात तिथंच ठेवलेली असते. कुणी कुत्र्याची सेव्हन-इन-वन देऊ म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

सरकारी दवाखान्यात रेबीजची सुई नाममात्र पैशात होते. ६ जुलै आणि २८ सप्टेंबरच्या आसपास रेबीजची मोफत शिबिरं बऱ्याच ठिकाणी असतात, त्यात मांजर नेलं तरी चालतं. अडचण पैशाची नाही, लस शिल्लक असण्याची. लाळ-खुरकूत किंवा लम्पीची मोहीम सुरू असली की डॉक्टर दिवसभर गावोगाव गोठ्यांवर असतात. लस नसेल तर चिठ्ठी देऊन मेडिकलवरून आणायला सांगतात. मग ती कुपी बर्फाच्या पिशवीतून, थर्मासमध्ये आणायची जबाबदारी तुमची. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो. शर्टाच्या खिशातून आणलेली लस टोचणं म्हणजे नुसती सुई टोचणं. ट्रायकॅटची अपेक्षा इथं ठेवू नका.

खासगीत, म्हणजे संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या पाळीव प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये, रेबीज साधारण ३०० ते ५०० रुपये आणि ट्रायकॅट एका डोसाला ८०० ते १२०० रुपये धरून चला. तपासणीची फी यात धरलेली आहे का, ते फोनवरच विचारा, कारण दोन क्लिनिकच्या दरातला फरक पुष्कळदा तेवढाच असतो. काही डॉक्टरांकडं रेबीजसकट चार आजारांची एकच लस असते. तिचा दर जास्त वाटला तरी ट्रायकॅट अधिक रेबीज अशी बेरीज करूनच तुलना करा.

तिसरा पर्याय फार जणांच्या लक्षातच येत नाही. उदगीर आणि परभणी इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांना जोडून दवाखाने आहेत. तिथं प्राध्यापक तपासतात, शिकणारी पोरं बाजूला उभी राहून मांजर धरतात, वेळ लागतो, पण तपासणी नीट होते. अहमदपूर, देगलूर किंवा जिंतूर, मानवतकडच्या माणसाला हे सोयीचं. बीड-धाराशिवहून नुसत्या लसीसाठी तिकडं जाण्यात काही अर्थ नाही. मांजराला आधीच काही दुखणं असेल तर मात्र विचार करावा. ट्रायकॅट आहे का, हे निघण्याआधी विचारूनच निघा.

आता पहिल्या वर्षाची बेरीज. पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं झालं की ट्रायकॅटचा पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, आणि चार महिने उलटल्यावर शेवटचा. रेबीज तिसऱ्या महिन्यानंतर. सगळं खासगीत केलं तर ३,००० ते ४,००० रुपयांच्या घरात जातं. वर जंताचं औषध, त्याचे पैसे किरकोळ. रेबीज सरकारीत केली तर यातले फार तर तीन-चारशे वाचतात. पण ट्रायकॅटचा दुसरा डोस आणि रेबीज एकाच सुमारास येतात. जिल्ह्याच्या गावी जाणारच असाल तर दोन्ही एकाच खेपेत उरका. स्कूटरवर पिशवीत ओरडणाऱ्या मांजराची आणखी एक वारी तेवढ्या पैशांसाठी कुणी करू नये. तालुक्याचा दवाखाना घरापासून चालत जाण्याइतका जवळ असेल, तर गोष्ट वेगळी.

पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवा. दारात आलेलं आणि आता घरचंच झालेलं मोठं मांजर असेल, तर आधी रेबीज. आपल्याकडच्या वाड्यात, माळवदावर मांजर कोंडून राहत नाही, ते चार घरं फिरून येतं. शिवाय त्यानं घरातल्या लेकराला ओरबाडलं तर डोकं ठिकाणावर राहतं. (लस दिलेली असली तरी जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवून सरकारी रुग्णालयात दाखवायचंच.) लहान पिल्लू असेल तर ट्रायकॅट पुढं ढकलू नका. पॅनल्युकोपेनियानं उलट्या-जुलाब होऊन पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात, आणि तो विषाणू घरात वर्षभरही टिकतो. आधीचं पिल्लू असं गेलं असेल तर नवं घरात आणण्याआधी त्या नव्या पिल्लाचे डोस पुरे करा.

पुढच्या वर्षांत खर्च उतरतो. पहिल्या वर्षानंतरचा बूस्टर झाला की घरातच राहणाऱ्या मोठ्या मांजराला ट्रायकॅट तीन वर्षांनी दिली तरी चालते, असं लहान पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची (WSAVA) मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडं बरेच डॉक्टर दरवर्षी द्या म्हणतात. बाहेर फिरणाऱ्या बोक्यासाठी ते बरोबरच आहे, बाकीच्यांनी विचारून ठरवावं. रेबीज मात्र डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेल्या तारखेला.

घरी येणारे डॉक्टर वरचे दोन-पाचशे घेतात. एका मांजरासाठी ते महाग पडतं. तीन असतील तर स्वस्त, कारण रिक्षाभाडं वाचतं आणि एकेकाला पकडायची कसरतही घरातल्या घरात होते.

कुठंही गेलात तरी कुपी तुमच्यासमोर फोडायला सांगा. ट्रायकॅटच्या कुपीत तळाला कोरडी पांढरी वडी असते, दुसऱ्या कुपीतलं पाणी त्यात सोडून ती विरघळवतात. कुपीवरचं स्टिकर निघतं, ते बॅच नंबरासकट कार्डावर चिकटवून घ्या. डॉक्टर बदलला तर तेवढाच पुरावा असतो. सुईनंतर मांजर एखादा दिवस मलूल पडतं, अंग गरम लागतं, खात नाही. घरातली क्रोसिन चुकूनही देऊ नका, पॅरासिटामॉलनं मांजर मरतं. दुसऱ्या दिवशीही जेवलं नाही, किंवा तोंड सुजलं, दम लागला, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन लावा.