फोमची गादी, दीड वर्ष आणि दोन पावसाळे: वापरानंतरचा अनुभव

मागच्या वर्षी अक्षय्य तृतीयेला नवी गादी घेतली. ७८ बाय ६०, जाडी ६ इंच, खाली साधा घट्ट फोम आणि वर इंचभर मेमरी फोम. कंपनी कुठली ते लिहीत नाही, कारण गादीबद्दल माझं म्हणणं दोन ओळींत संपतं. पाठ दुखायची थांबली, आणि डिसेंबरात पहाटे ती चक्क दगड होते. मेमरी फोमचा स्वभावच तो, गारठ्यात कडक आणि अंगाच्या उबेने मऊ. लिहायचंय ते तिची निगा राखताना मी जे घोळ घातले त्यांबद्दल.

आमच्याकडे आधी कापसाच्या गाद्या. आईचा शिरस्ता ठरलेला: एप्रिल-मेमध्ये गाद्या गच्चीत, दोन दिवस कडकडीत ऊन, काठीने झोडपणं, आणि आत गोळे झाले की पिंजाऱ्याला निरोप. त्यामुळे नवी गादी आल्यापासून तिचं एकच टुमणं, "अरे, तिला एकदा ऊन दाखव." गादी दुसऱ्या मजल्यावरून गच्चीत नेण्याचा मला कंटाळा, म्हणून सोबत फुकट आलेल्या फोमच्या उशीचा अभ्रा आणि खोळ काढून ती गॅलरीत उन्हात टाकली आणि विसरलो. विसरलो म्हणजे अख्खा मे महिना. जूनमध्ये उचलली तेव्हा हळदीसारखी पिवळी झालेली, आणि कोपरा अंगठ्याने दाबला तर रव्यासारखी भुकटी पडली. कापसाला ऊन मानवतं, फोमला नाही; उन्हातल्या अतिनील किरणांनी तो विरत जातो. फोमला वारा द्यायचा, तोही सावलीत. गादी कंटाळ्यामुळे वाचली.

पावसाळ्यात मात्र वाचली नाही. आमचा पलंग बॉक्सचा, वर अख्खी प्लाय, आत रजया आणि दिवाळीच्या माळा. पुण्यातला मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेल्याच्या बातम्या सुरू होत्या त्या आठवड्यात चादर खोचायला कोपरा उचलला आणि कुबट वास आला. गादी पूर्ण उभी केली. प्लायवर, बरोबर आमच्या पाठी येतात तिथे, दोन लांबट काळपट पट्टे. गादीच्या खालच्या कापडावर चहाच्या भुकटीएवढे काळे ठिपके. हात लावला तर गार, ओलसर. छत गळत नव्हतं, भिंतीलाही ओल नव्हती. ही ओल आमचीच होती. रात्रभर अंगातून निघणारी वाफ फोममधून खाली उतरते, गार प्लायला टेकते आणि तिथेच पाणी होऊन बसते. एरवी पुण्याच्या कोरड्या हवेत हे दिवसभरात सुकून जात असणार, म्हणून कधी कळलं नाही. जुलै-ऑगस्टात खोलीतली हवाच इतकी दमट, की सुकायचं कुठे?

घाबरून दुसऱ्याच दिवशी घरी येऊन गादी धुऊन देणाऱ्यांना बोलावलं. दोन मुलं मशीन घेऊन आली, फेस केला, ब्रश फिरवला, मशीनने पाणी ओढून घेतलं आणि बादलीतलं काळं पाणी आवर्जून दाखवलं. तेवढ्याने माझं समाधान झालं, हे कबूल करतो. "सर, फॅन लावा, पाच तासांत सुकेल." वरचं कापड खरंच पाच तासांत सुकलं. पण रात्री तळहाताने जोर देऊन दाबलं की बोटांच्या कडेने गार ओलावा वर यायचा. फोम म्हणजे शेवटी स्पंजच, आणि मशीन ओढतं ते वरवरचं. पोटातलं पाणी निघायला चौथा दिवस उजाडला. तोवर आम्ही हॉलमध्ये सतरंजीवर, आणि बेडरूममध्ये ओल्या गोणपाटाचा वास. फोन केला तर म्हणाले, पावसाळ्यात असं होणारच. मग पावसाळ्यात कामं घेता कशाला? यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

कामाला आला तो सुतार. प्लायला वीतभर अंतरावर सव्वा इंची भोकं पाड म्हटल्यावर त्याने दोनदा विचारलं, "साहेब, चांगल्या प्लायला?" चाळीस भोकं पाडली. बॉक्समधल्या रजया कपाटावर गेल्या, कारण आत ठासून सामान असेल तर भोकांतून वारा जाणार कुठून? ठिपक्यांसाठी गादी गॅलरीत नेली, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडली आणि सर्जिकल स्पिरिटच्या ओलसर फडक्याने पुसली. ठिपके फिकट झाले, गेले नाहीत. आता दर रविवारी चादर बदलताना गादी भिंतीला टेकवून उभी करतो, तासभर फॅन. या वर्षीचा पावसाळा एवढ्यावरच काढला. गणपतीत मुद्दाम उचलून पाहिली, प्लाय खडखडीत.

प्रोटेक्टरवरही, म्हणजे गादीला पाण्यापासून वाचवणाऱ्या खोळीवर, पैसे दोनदा गेले. पहिला स्वस्तातला, निव्वळ प्लॅस्टिक. कूस बदलली की कुरकुर, आणि एप्रिलमध्ये पाठ घामाने निथळायची. दुसरा टेरी कापडाचा, मागे टीपीयूचा, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा, पातळ थर. आवाज नाही, पाणी खाली जात नाही, उकडणंही बरंच कमी. मात्र तो मशीनमध्ये टाकून स्पिन लावू नका. त्यात पिशवीसारखं पाणी अडकतं आणि सगळं वजन एका बाजूला जातं. आमचं मशीन धडधडत दोन वीत पुढे सरकलं, आई देवपूजा सोडून धावत आली. आता हातानेच धुतो आणि दांडीवर निथळत ठेवतो. इस्त्री अजिबात नाही.

तो असा दांडीवर असतानाच धाकट्या लेकीने दुपारी गादी ओली केली. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलंय की गादीवर डाग असेल तर वॉरंटी बाद, त्यामुळे धावपळ झाली. जुन्या टॉवेलने दाबून दाबून टिपलं, चोळलं नाही. चोळलं की ते आणखी आत जातं. मग हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, लेबल बघून त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं. अशा एका कपात तीन चमचे खायचा सोडा, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि स्प्रेने नुसतं वर वर. सुकल्यावर उरलेली पांढरी पूड व्हॅक्यूमने काढली. डाग गेला, वासही गेला. उरलेलं मिश्रण ओतून टाका, झाकण लावून ठेवू नका. त्यातून ऑक्सिजन निघत राहतो आणि बाटली फुटू शकते. रंगीत कापडाचा रंगही उडतो, आधी कोपऱ्यावर बघा. रक्ताचा डाग असेल तर फक्त गार पाणी. गरम पाण्याने तो अंडं उकडल्यासारखा घट्ट होऊन बसतो.

सोड्याचं कौतुक फार ऐकतो, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. सोडा भुरभुरून चार तास ठेवला तर वास कमी होतो, बस्. डस्ट माइट, म्हणजे धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, त्याने मरत नाहीत. ते जगतात आपल्या झडलेल्या त्वचेवर आणि दमटपणावर. बायकोच्या सकाळच्या शिंका कमी झाल्या त्या चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवायला लागल्यावर, आणि महिन्यातून एकदा शिवणींवरून व्हॅक्यूम फिरवल्यावर. शिवाय पहिल्या वेळी मी अर्धा किलो सोडा ओतला होता. व्हॅक्यूमचा फिल्टर त्याने असा बसला की नवा आणावा लागला.

गादीची डोक्याची बाजू पायाला, हे दर तीन महिन्यांनी करायचं. ते लक्षात राहावं म्हणून संक्रांत, पाडवा, आषाढी आणि दसरा धरलेत. अंतर जवळजवळ बरोबर पडतं. उलथी करायची नाही, मेमरी फोम एकाच बाजूला आहे. यंदा दसऱ्याला गादीवर आडवी दोरी ताणून पट्टीने खड्डा मोजला. माझ्या बाजूला ११ मिलिमीटर, बायकोच्या बाजूला ७. वॉरंटी २५ च्या पुढे लागू होते, त्यामुळे सध्या काळजी नाही. हा फरक कशामुळे, यावर घरात चर्चा झाली; तपशील देत नाही.

आई अजून तिच्या कापसाच्या गादीवरच झोपते. "तुमच्या गादीचे लाड तुम्हीच करा," म्हणते. तिच्या गादीत यंदा गोळे झालेत, आणि आमच्याकडे यायचे ते पिंजारी आता येत नाहीत. कोथरूड-कर्वेनगर भागात घरी येऊन पिंजून देणारं कुणी माहीत असेल तर नक्की सांगा, एप्रिलच्या आत करून घ्यायचंय.