पुढच्या रांगा की बाल्कनी?

लहानपणची टीव्हीवरची विनोदी मालिका रंगमंचावर आली की पहिली पंचाईत क्लोज-अपची. उडालेली भुवई, दाबलेलं हसू आठव्या-दहाव्या रांगेपलीकडे पोचत नाही. इंदुरात असा प्रयोग लागला, तर चौथी ते आठवी रांग धरावी. अगदी पहिली नको: मान अवघडते, नटांचे पाय दिसत नाहीत.

बाल्कनीतून पळापळ, दारांची उघडझाप, दोन कोपऱ्यांत एकदम चाललेला गोंधळ झकास दिसतो. चेहरे मात्र विसरा. शिवाय नट हशा ओसरेपर्यंत थांबला नाही, तर पुढचं वाक्य वर ऐकूच येत नाही. तिकिटात वाचलेल्या पैशांत सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा (मक्याचा) कीस होतो, हा भाग वेगळा! बाल्कनीखालच्या शेवटच्या खुर्च्या कुणीच घेऊ नयेत. तिथे आवाज दबतो.