कॅमेऱ्याच्या वायरीत करंट: अर्थिंग, आयसोलेटर की पीओई?

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमागच्या (रेकॉर्डरमागच्या) बीएनसीला, म्हणजे कॅमेऱ्याची केबल लागते त्या धातूच्या कनेक्टरला, बोट लागलं की झिणझिण्या येतात, टेस्टर मंद पेटतो, स्क्रीनवर आडवे पट्टे सरकत राहतात. यावर तीन इलाज सुचवले जातात: अर्थिंग, व्हिडिओ केबलमधला थेट विद्युत जोड तोडणारा आयसोलेटर, आणि पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज. पण झिणझिण्या आणि पट्टे ही दुखणी वेगळी, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

आधी मल्टिमीटरने सॉकेट मोजा. फेज-न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थचा आकडा कमी दिसला किंवा भरकटत राहिला तर अर्थ तुटलेलं आहे. घरात लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ चक्क शून्य दिसलं, तर सॉकेटमध्येच दोन्ही जोडून ठेवलेत का ते बघा. तसं असेल तर ते आधी सोडवून घ्या. न्यूट्रल तुटल्यास डीव्हीआरच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतील.

अर्थ ठीक असेल तर बीएनसीचं कवच आणि अर्थ यांमध्ये मोजा. ९० ते ११५ व्होल्ट आले तर घाबरू नका. एसएमपीएसमधल्या (कॅमेऱ्यांच्या पॉवर सप्लायमधल्या) फिल्टर कपॅसिटरमधून झिरपणारं ते व्होल्टेज असतं, करंट अगदी किरकोळ. खात्रीसाठी मेन बंद करून त्याच दोन ठिकाणी १५ वॅटचा पिवळा (तारेचा, एलईडी नव्हे) बल्ब जोडा आणि मेन चालू करा. आकडा कोसळला तर नुसती गळती. बल्ब पेटला किंवा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच) ट्रिप झाला, तर फेज कुठेतरी टेकलाय. मेन बंद करा, वायरमन बोलवा.

झिणझिण्यांवर इलाज एकच, अर्थिंग. पत्र्याच्या एसएमपीएसला दोन कोरची वायर लावून अर्थचा स्क्रू रिकामा सोडलेला बऱ्याचदा सापडतो. तिथे तीन कोरची वायर टाका. डीव्हीआरचा अडॅप्टर दोन पिनचा असेल आणि मागे अर्थचा स्क्रू असेल, तर तोही जोडा. यानंतर पट्टे वाढूही शकतात: लोखंडी गेटवरचा कॅमेरा तिथूनही जमिनीला जोडलेला असतो, आणि दोन अर्थांमध्ये लूप, म्हणजे केबलमधून करंट फिरायला बंद वाट, तयार होतं. पट्टे त्यानेच येतात.

कॅमेरा ब्रॅकेटवरून सोडवून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवा. पट्टे गेले तर आयसोलेटरआधी चार बाय चारचा पीव्हीसी बॉक्स बसवून बघा. बॉक्स खांबाला ज्या स्क्रूंनी बसवाल तेच कॅमेऱ्यापर्यंत पोचू देऊ नका, नाहीतर लूप तसंच राहतं. तिथल्या बीएनसीवर टेप गुंडाळा.

आयसोलेटर डीव्हीआरच्या टोकाला, प्रत्येक त्रासदायक कॅमेऱ्याला एक. तो एचडीसाठीचाच घ्या, जुन्या अॅनालॉगसाठीचा चित्र खराब करतो. कॅमेरे आणि डीव्हीआर एकाच एसएमपीएसवर असतील तर तो वाया. पॉवरची निगेटिव्ह वायर त्याला वळसा घालून तोच मार्ग पुन्हा जोडते.

पीओईत लूप मुळातच तुटतं, कारण मानकानुसार १५०० व्होल्टचं आयसोलेशन लागतं. पण कॅमेरे, एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), केबल सगळंच नवं. गेट दूर असेल, आउटहाउसला वेगळा मीटर असेल किंवा थ्री प्लस वन (व्हिडिओ आणि पॉवर एकत्र नेणारी) केबल कुजलीच असेल, तर हाच खर्च करा. १०० मीटरची मर्यादा पाळा, केबल साधी यूटीपी (शील्ड नसलेली) घ्या. दोन्ही टोकांना जमिनीला जोडलेल्या शील्डवाल्या केबलने लूप परत येतं. १२ व्होल्ट पाठवणारे स्वस्त ‘पीओई’ स्प्लिटर यात धरू नका, त्यांत हे आयसोलेशन नसतं.