एक किलोचा टेंट की दोन किलोचा?

सायकलवर मुक्कामी फिरणाऱ्या दोघा-तिघांनी या हिवाळ्यात मला एकच प्रश्न विचारला: काठीवर उभा राहणारा हलका टेंट मागवावा, की कमानींचा डोम? माझ्याकडे दोन्ही आहेत. पहिला मागवून फसलो, म्हणून दुसरा आला. कापडाची जाडी, पाणी किती सोसतो, रंग कोणते, हे सगळं विक्रीच्या पानावर लिहिलेलं असतं, त्यात मी जात नाही.

आधी पार्सलचं सांगतो, कारण फसण्याची सुरुवात तिथूनच झाली. ४४ ने सुरू होणाऱ्या आमच्या पिनकोडवर बरीच गावं आहेत. पोस्टाचं पार्सल घरपोच येतं. कुरिअरचं मात्र तालुक्याला येऊन बसतं आणि मोबाइलवर ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला’ असा मेसेज येतो. प्रयत्न कुणी केला, कुठं केला, देव जाणे. हलका टेंट असाच चार दिवस तालुक्याला पडून होता. शेवटी बाजाराच्या दिवशी तेलाच्या पिप्यासोबत मीच घेऊन आलो. परत करायच्या मुदतीतले तीन दिवस उरले होते, म्हणून घाईघाईनं घरीच उभारून पाहिला. कुठं, तर रोज पाणी खाणाऱ्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्याला लागून. खुंट्या अंगठ्यानं दाबल्या तरी आत जात होत्या. टेंट ढोलकीसारखा ताणून बसला. सांबार तुडवला म्हणून आई बोलली, तेवढंच. मी खूश, आणि मुदत संपली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की या टेंटला स्वतःचा सांगाडा नसतो. मध्ये एक काठी आणि कडेनं सहा खुंट्या. त्यांच्या ताणावरच सगळा डोलारा. ट्रेकरच्या हातात काठ्या असतातच. आपल्या हातात हँडल असतं, त्यामुळे काठी वेगळी घ्यावी लागते. मी ती मागवली नाही, कुंपणाचा बांबू सव्वाशे सेंटीमीटर मापून कापला आणि सायकलच्या दांडीला बांधला. वाटेतली पोरं विचारायची, “भाऊ, कुत्र्यासाठी हाय का?” एक-दोनदा त्याही कामाला आला.

मार्चअखेर वर्ध्याहून देवळी, कळंब करत यवतमाळला निघालो होतो. कळंबच्या अलीकडे अंधार पडला. एका काकाजींनी त्यांच्या वावरात, हरभरा निघालेल्या जागी झोपायला सांगितलं. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्याच्या तोंडी तिला अशा भेगा पडतात की पंजा सहज आत जातो. भेगेजवळ खुंटी मारली की आख्खं ढेकूळ हलायचं. ढेकळाच्या मधोमध मारली की खुंटी वाकायची. एक तर सरळ भेगेतच पडली. टॉर्च घेऊन शोधली, पण ती काही दिसली नाही. अजूनही तिथंच असेल. काकाजी विडी ओढत बघत होते. त्यांनी एक वाकलेली खुंटी उचलून बोटांत फिरवली आणि म्हणाले, “माती पाहून खुटा घ्या लागते भाऊ. हे त काडी हाय.” मग गोठ्यातून बैलांचे बाभळीचे तीन खुटे आणले, मनगटाएवढे जाड, आणि दगडानं ठोकून दिले. उरलेले कोपरे वखराला आणि माझ्या सायकलला बांधले. त्या रात्री झोप छान लागली, पण बैलांचे खुटे पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशवीत, घालून फिरता येत नाही.

तीच माती पावसाळ्यात उलटी वागते. खुंटी लोण्यात शिरावी तशी शिरते आणि रात्री वारा सुटला की चिखलाच्या गोळ्यासकट बाहेर येते. मुरमाड जागेत तिसराच प्रकार: दोन बोटं आत, मग टण्ण. यावर उपाय आहेत, नाही असं नाही. वाय आकाराच्या लांब, मजबूत खुंट्या मिळतात. युरियाच्या रिकाम्या पोत्यात माती भरून दोरी तिला बांधता येते. मी दोन्ही केलं. पण सत्तर-ऐंशी किलोमीटर सायकल हाणून आल्यावर सहा पोती भरायची म्हणजे झोपण्याआधी डवरणी केल्यासारखं आहे.

तरीही मी हलकाच वापरत राहिलो असतो. गोष्ट फिरली ती शाळेच्या ओट्यावर. ऑक्टोबरात परतीच्या पावसानं गाठलं. एका गावात पोलीस पाटलांनी जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा दाखवला, पाण्याची कळशी आणून ठेवली, वर डबाही पाठवला. व्हरांडा कोरडा, स्वच्छ, वर पत्रा, आणि खाली फरशी. फरशीत खुंटी कुठं ठोकणार? काठी उभी करून खिडकीच्या गजांना दोऱ्या बांधून पाहिल्या. एका बाजूनं ताण आला, दुसऱ्या बाजूला गजच नव्हते. शेवटी टेंट चादरीसारखा अंगावर ओढला. आत गुदमरायला होत होतं, बाहेर तोंड काढलं की डास. पावसाळा सरताना आपल्याकडचे डास कसे असतात हे वेगळं सांगायला नको. रात्री दीड-दोनला उठून बसलो आणि सकाळपर्यंत भिंतीवरचे पाढे वाचले.

आपल्या भागात सायकलवरचा मुक्काम म्हणजे बहुतेक वेळा हेच. जंगलात कुठंही तंबू ठोकायचा विचारही करू नये. व्याघ्र प्रकल्पात तशी मुभा नाही, आणि ब्रह्मपुरीकडे तर जंगलाबाहेरच्या वावरातही वाघ फिरतात. शेतकऱ्याला न विचारता वावरात शिरलात तर रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची तार अंधारात पायाला लागायची. म्हणजे उरलं देवळाचा सभामंडप, शाळा, समाजमंदिर, कुणाचा तरी ओटा. जागा गाव ठरवतं, आणि गाव चांगली जागा देतं म्हणजे सिमेंटची देतं. गेल्या वर्षभरातले माझे मुक्काम आठवून पाहिले, तर निम्म्याहून जास्त फरशीवर झाले होते.

डोम दिवाळीनंतर मागवला. या वेळी विक्रेत्याला पोस्टानंच पाठवा म्हणून आधी सांगितलं, आणि आमच्या डाकसेवकानं तो स्वतःच्या सायकलच्या कॅरिअरवर घरी आणला. वजन साधारण दुप्पट, दोन किलोच्या आसपास. दोन कमानी, आतून जाळी, वरून वेगळं कापड. फरशीवर नुसती जाळी उभी केली की मच्छरदाणी तयार. वरचं कापड पिशवीतच राहतं. पुढच्या खेपेला एका सभामंडपात तो चार मिनिटांत उभा केला तेव्हा काकड्याला लवकर येऊन बसलेले एक आजोबा म्हणाले, “हे बरं हाय, खाटेले दांड्याची गरज नाही.”

डोमचेही ताप आहेत. कमानींचा जुडगा घडी घालूनही पंचेचाळीस सेंटीमीटर भरतो आणि माझ्या पॅनिअरमध्ये आडवा बसत नाही, उभा घातला तर झाकण लागत नाही. मी तो जुन्या ट्यूबच्या पट्टीनं कॅरिअरवर बांधतो. खड्ड्यात खडखड वाजतो. आणि खुंट्या लागत नाहीत हे अर्धसत्यच. एप्रिलमध्ये भर दुपारी डोम नुसता उभा करून मी हापशीवर पाणी भरायला गेलो, मागून वावटळ आली आणि टेंट बॉलसारखा उडत पऱ्हाटीच्या ढिगात जाऊन पडला. जाळीला दोन भोकं. आता आत निदान एक पॅनिअर टाकल्याशिवाय मी पाठ फिरवत नाही. मोकळ्या रानात त्यालाही चार कोपऱ्यांना काहीतरी बांधावंच लागतं, फक्त ते ढिलं झालं तरी तो मध्यरात्री तोंडावर कोसळत नाही.

हलक्याच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना तो एक किलो पायाला कळतो. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे आणि शेवटची वळणं माणसाकडून जुनी पापं कबूल करून घेतात. तुमचं फिरणं असंच घाटांचं, मुक्काम ठरलेल्या कॅम्पसाइटवर, खाली गवत आणि भुसभुशीत माती, असं असेल तर हलका टेंट वाईट नाही, उलट बराच सुखाचा. त्याचं कापड नायलॉनचं असेल तर दवानं भिजून सैल पडतं हे लक्षात ठेवा आणि झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा एकदा ओढून घ्या. एकपदरी असल्यानं थंडीत तळ्याकाठी आतूनही घाम धरतो. सकाळी वाळवण्यात तासभर जातो, आणि तोच तास उन्हाआधी पंधरा किलोमीटर मारण्याचा असतो.

किमतीत फरक होता, पण माझ्या दृष्टीनं तो मुद्दा नव्हता. तुमचं वेगळं असू शकतं. पाय तरुण असतील आणि सायकल नऊ-दहा किलोची असेल, तर माझं बोलणं थोडं कमी करून घ्या. माझी स्वतःची पंधराची आहे आणि पोटाचं वजन मी मोजत नाही. हलका टेंट मी विकलेला नाही. अमरावतीचा एक मित्र चिखलदऱ्याला जाताना घेऊन जातो, बांबूसकट.

यातला कोणताही मागवलात तर परत करायची मुदत पार्सल हातात आल्यापासून धरतात की मेसेज आल्यापासून, ते आधी विचारून घ्या. आणि आला की पहिल्यांदा घराच्या स्लॅबवर चढवून उभा करा, खुंट्यांची पिशवी खालीच ठेवून. सांबाराजवळ नको.